राज्यांना भीती वाटते तेव्हा

सुरक्षेची चर्चा आपल्याकडे आकड्यांनी सुरू होते आणि बहुतेक वेळा आकड्यांनीच संपते. कोणाकडे किती रणगाडे, किती विमाने, संरक्षणावर कोणाचा खर्च किती. या आकडेमोडीमागे एक गृहीत असते: राज्य थंड डोक्याने नफातोटा मांडते आणि मग लढायचे की नाही ते ठरवते. गेल्या पन्नासएक वर्षांत राज्यशास्त्र आणि मानसशास्त्र यांच्या सीमेवर जे संशोधन झाले, त्याने हे गृहीत खिळखिळे केले आहे. भीती, अपमान, अभिमान, शोक, सूडाची इच्छा या गोष्टी निर्णयाच्या आसपास घुटमळत नसतात, त्या निर्णयाच्या आतच असतात. या संशोधनाचा आढावा घेताना उदाहरणे मात्र शक्यतो आपल्या मुलखातली घेतो. ती इथे भरपूर आहेत आणि त्यांच्याकडे या नजरेने फारसे पाहिले गेलेले नाही.

मुलूख म्हणजे कोल्हारच्या आजूबाजूचा. कोल्हार भगवतीपूर प्रवरेच्या काठी, नगर-मनमाड रस्त्यावर. पूल ओलांडून दक्षिणेला निघाले की राहुरी लागते, पुढे नगर. नगरला रणगाडा दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे, यांत्रिकी पायदळाचे केंद्र आहे, लष्करी वाहनांवर संशोधन करणारी व्हीआरडीई आहे, भुईकोट किल्ला आहे आणि खारे कर्जुने गावाच्या नावाने ओळखली जाणारी के. के. रेंज ही सैन्याची सरावभूमी आहे. उलट दिशेला गोदावरी. १९४८ पर्यंत तिच्या पलीकडे निजामाची हद्द होती. देवीचे देऊळ, ऊस आणि एसटी स्टँड यांत रमलेल्या गावाच्या दोन्ही बाजूंना राज्यांच्या भयाचा एवढा इतिहास पसरलेला आहे.

या विषयाची सुरुवात सगळे जण थुसिडिडीसपासून करतात, आणि ते बरोबरच आहे. राज्ये कशासाठी झगडतात याची तीन कारणे त्याने अथेन्सच्या दूतांच्या तोंडी घातली आहेत: भीती, मान आणि लाभ. अथेन्सची वाढती ताकद आणि तिने स्पार्टाच्या मनात निर्माण केलेली धास्ती, हे त्याच्या मते युद्धाचे खरे कारण. यातला लाभ तेवढा पुढच्या अभ्यासकांनी उचलला, कारण तो मोजता येतो. भीती आणि मान मागे पडले.

भीती पुन्हा मध्यभागी आणली ती जॉन हर्झ यांनी. १९५० मध्ये त्यांनी सुरक्षेचा पेच मांडला. एका राज्याने निव्वळ बचावासाठी शस्त्र उचलले तरी शेजाऱ्याला ती चढाईची तयारी वाटते, मग तोही शस्त्र उचलतो आणि दोघेही आधीपेक्षा जास्त असुरक्षित होतात. प्रवरेच्या खोऱ्यातल्या माणसाला हे बिबट्याच्या उदाहरणाने लगेच पटेल. या शतकाच्या सुरुवातीला जुन्नर भागात उसातले बिबटे पिंजऱ्यात धरून लांबच्या जंगलात सोडायला सुरुवात झाली. लोकांची भीती खरी होती, उपायही सरळ वाटत होता. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोंदी तपासल्या तेव्हा दिसले, की त्यानंतर माणसांवरचे हल्ले घटण्याऐवजी वाढले. ओळखीच्या मुलखातून उपटून परक्या मुलखात टाकलेले जनावर बिथरते. भयापोटी उचललेले पाऊलच भय वाढवते, हा हर्झ यांचा पेच. फरक इतकाच, की राज्यांच्या बाबतीत दोन्ही बाजूंना माणसेच असतात आणि दोघेही स्वतःला पिंजऱ्याबाहेरचे समजतात.

या शेवटच्या मुद्द्यावर रॉबर्ट जर्विस यांनी १९७६ मध्ये अख्खे पुस्तक लिहिले. आपले प्रत्येक पाऊल आपल्याला नाइलाजाने उचललेले वाटते. समोरच्याचे तेच पाऊल मात्र ठरवून आखलेले वाटते. आपल्यातली दुफळी, गोंधळ, चुका आपल्याला दिसतात. शत्रू मात्र एकदिलाने, एका डोक्याने वागतो असे आपण धरून चालतो. त्याआधी १९७२ मध्ये आयर्विंग जॅनिस यांनी दाखवले होते, की एकमेकांना धरून असलेला सल्लागारांचा गट शंका गिळायला शिकतो, कारण शंका घेणारा माणूस गटाबाहेर पडतो. १९७९ मध्ये कानमन आणि ट्व्हर्स्की यांनी सिद्ध केले, की मिळालेल्याच्या आनंदापेक्षा गमावल्याचे दुःख माणसाला कितीतरी जास्त जाणवते, आणि गमावण्याच्या काठावर उभा असलेला माणूस एरवी जो जुगार कधी खेळला नसता तो खेळतो.

यावर एक आक्षेप हमखास येतो. भावना माणसाला असतात, राज्याला मन कुठे असते? नेटा क्रॉफर्ड यांनी २००० सालापासून याचे उत्तर मांडत आणले आहे आणि मला ते पटते. भावना संस्थांमध्ये मुरते. एकदा वाटलेली भीती कायदा होते, छावणी होते, फॉर्म होतो, कवायत होते. ज्याला मुळात भीती वाटली तो माणूस निवृत्त होतो, पण त्याने बनवलेला फॉर्म पुढची पन्नास वर्षे भरला जातो.

याचा पुरावा नगरमध्ये आहे. १८०३ च्या ऑगस्टमध्ये वेलस्लीने शिंद्यांकडून भुईकोट घेतला आणि पुढच्या शतकात ब्रिटिशांनी नगरला आपली भीती कोंडून ठेवण्याची जागा केले. १९०१ मध्ये दक्षिण आफ्रिकेतून बोअर युद्धकैदी इथे आणले गेले. १९१४ मध्ये महायुद्ध सुरू झाले आणि हिंदुस्थानभरचे जर्मन नगरच्या छावणीत गोळा झाले. त्यांत व्यापारी होते, आयुष्य इथेच काढलेले मिशनरीही होते. १९३९ मध्ये पुन्हा तेच. पुढे तिबेटमध्ये गेलेला गिर्यारोहक हाइनरिश हारर आधी नगरच्या तारांमागे होता. त्याच लाटेत हिटलरच्या छळातून पळून आलेले काही ज्यूही पकडले गेले, कारण त्यांच्या हातातला पासपोर्ट जर्मन होता. हिटलरपासून जीव वाचवून आलेला माणूस हिटलरचा हस्तक म्हणून आत जातो, यात कोणाचाही दुष्टपणा नव्हता. भीतीचा तक्ता १९१४ मध्येच आखून झालेला होता, त्यात 'जर्मन' असा एकच रकाना होता. मग ऑगस्ट १९४२ मध्ये नेहरू, पटेल, आझाद, नरेंद्र देव, आपले शंकरराव देव अशी काँग्रेस कार्यकारिणीची मंडळी त्याच किल्ल्यात आली. जपान ब्रह्मदेशापर्यंत पोचलेला असताना सरकारला गांधींची 'चले जाव'ची हाक म्हणजे पाठीत सुरा वाटली. बोअर, जर्मन, ज्यू, काँग्रेसवाले. राज्याच्या नजरेला चौघे एकाच जातीचे दिसले.

आणि स्वतंत्र भारताने हे सोडून दिले असे म्हणता येत नाही. १९६२ च्या युद्धानंतर आसाम, दार्जिलिंग, कालिम्पाँग भागातल्या चिनी वंशाच्या सुमारे ३,००० भारतीयांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेले, त्यांतले काही १९६७ पर्यंत तिथे होते. पुष्कळ जण इथेच जन्मले होते. नगरच्या छावणीचा अनुभव असलेल्या पिढीने हे केले, ही गोष्ट मला फार बोचते.

मराठीत या विषयाचा विचार नवा नाही. रामचंद्रपंत अमात्यांच्या नावाने ओळखले जाणारे 'आज्ञापत्र' अठराव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातले. औरंगजेबाशी झालेल्या पाव शतकाच्या झुंजीचा घाव त्याच्या पानापानांत आहे. किल्ल्यांवरचे प्रकरण वाचावे: भिंती, तट, पाणी यांच्याइतकाच विचार हवालदार, सबनीस, कारखानीस यांच्या मनाचा केलेला आहे. अधिकार वाटून द्यावेत, कोणाही एकाच्या हाती किल्ला राहू नये. टोपीकरांबद्दल तर अमात्य फार सावध आहेत. समुद्रकाठी त्यांना जागा देऊ नये, दिलीच तर आत द्यावी, इमारत बुलंद बांधू देऊ नये. ही भीती आहे, पण शिस्तीत बसवलेली. कोणाची, कशासाठी, किती, हे सांगणारी. तिच्याकडे दुर्लक्ष झाले. १७५९ मध्ये नगरचा किल्ला पेशव्यांच्या हाती आला तो तट फोडून नव्हे, किल्लेदार कवीजंगाला पैसे देऊन. किल्ला आधी किल्लेदाराच्या मनात पडतो हे अमात्यांनी चाळीसेक वर्षे आधी लिहून ठेवले होते.

मानाचा उपयोग शस्त्रासारखा कसा करता येतो याची एक कथा याच जिल्ह्याची आहे. चोंडीत जन्मलेल्या अहिल्याबाईंवर राघोबादादा चालून आले तेव्हा, असे सांगतात, त्यांनी निरोप पाठवला: मी हरले तर बाईला हरवल्याचे तुम्हाला कसले भूषण, आणि तुम्ही हरलात तर तोंड कुठे दाखवाल? राघोबा क्षिप्रेवरून मागे फिरले. निरोपाचे शब्द आख्यायिकेतले असतील, पण समोरच्याची लाज हीच आपली तटबंदी करायची ही चाल खऱ्या राजकारणाची आहे. आजचे अभ्यासक याला प्रतिबंधाचे मानसशास्त्र म्हणतात.

मानाचे दुसरे टोक गोव्यात दिसले. १९६१ च्या डिसेंबरात भारतीय सेना चाल करून येणार हे उघड झाल्यावर सालाझारने गव्हर्नर वासालो इ सिल्वा यांना शेवटच्या माणसापर्यंत लढण्याचा आदेश पाठवला. पोर्तुगीज सैनिक तीन हजारांच्या आसपास, समोर त्याच्या कितीतरी पट फौज. लिस्बनला गोवा ही वसाहत नव्हती, पोर्तुगालचाच प्रांत होता. ४५१ वर्षांची स्वतःची ओळख त्यावर उभी होती. जेनिफर मिट्झन यांनी २००६ मध्ये मांडलेली स्वत्वाच्या सुरक्षेची कल्पना इथे नेमकी लागू पडते. आपण कोण आहोत याचे उत्तर टिकवण्यासाठी राज्ये कधी कधी आपली माणसे आणि जमीन पणाला लावतात. वासालो इ सिल्वांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली, माणसे वाचली, पणजी उभी राहिली. बक्षीस म्हणून त्यांना सैन्यातून काढून टाकण्यात आले. लिस्बनमधली राजवट उलथल्यावर १९७४ मध्ये त्यांचा सन्मान परत मिळाला. पोर्तुगालने गोवा भारताचा असल्याचे मान्य केले तेही १९७४ मध्येच.

गोव्याच्या विजयाने दिल्लीत जो आत्मविश्वास चढला, त्याने पुढच्या वर्षीच्या घाताला हातभार लावला असे मला वाटते. चीन मोठा हल्ला करणार नाही, या समजावर पुढे-पुढे चौक्या टाकण्याचे धोरण उभे होते. त्या समजाला आव्हान देणारे लष्करी अधिकारी बाजूला पडत गेले. जॅनिस यांनी वर्णिलेला गट तो हाच. ऑक्टोबर-नोव्हेंबर १९६२ मध्ये तो समज कोसळला तेव्हा आत्मविश्वासाची जागा थेट घबराटीने घेतली. लढाऊ विमाने वापरली तर चीन कलकत्त्यावर बाँब टाकेल या धास्तीने ती जमिनीवरच राहिली. एकाच दिल्लीने काही आठवड्यांत दोन टोके गाठली. संरक्षणमंत्री कृष्ण मेनन गेले आणि २१ नोव्हेंबरला, चीनने एकतर्फी युद्धबंदी जाहीर केली त्याच दिवशी, यशवंतराव चव्हाणांनी संरक्षणमंत्रिपदाची शपथ घेतली. हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावला, हे वाक्य महाराष्ट्राने तेव्हापासून जपले आहे. त्यात अभिमान आहे, पण त्याखाली अपमानाची जखमही आहे. गावोगावच्या बायकांनी संरक्षण निधीत अंगावरचे सोने काढून दिले ते याच जखमेपोटी.

यशवंतरावांचे खरे काम मला याच्या पुढचे वाटते. अपमानित देशाला दोन गोष्टी सोप्या असतात: सूडाची भाषा किंवा विषय मिटवून टाकणे. त्यांनी पराभवाची चौकशी चालू दिली, सप्टेंबर १९६३ मध्ये तिचा सार संसदेपुढे ठेवला आणि सैन्याची उभारणी हाती घेतली. मग १ सप्टेंबर १९६५ ची दुपार आली. छांबमध्ये पाकिस्तानी रणगाडे घुसले, लष्करप्रमुख जनरल चौधरी विमानांची मदत मागायला आले. पंतप्रधानांची वाट न बघता चव्हाणांनी होकार दिला. त्या संध्याकाळी आपली चार व्हँपायर विमाने पडली. निर्णयाची किंमत लगेच मोजावी लागली. पण १९६२ मध्ये भीतीने ज्या वायुदलाला बांधून ठेवले होते ते सुटले. रा. द. प्रधान तेव्हा चव्हाणांचे खासगी सचिव होते; चव्हाणांची त्या दिवसांची रोजनिशी त्यांनी पुढे प्रसिद्ध केली.

पलीकडे अयुब खान यांचे गणितही भावनेवर बेतलेले होते. योग्य ठिकाणी दोन तडाखे बसले की हिंदूंचे नीतिधैर्य टिकणार नाही, अशा आशयाचा मजकूर त्यांच्या ऑगस्टअखेरच्या लेखी आदेशात आहे. १९६२ चा पराभव, कच्छच्या रणातली चकमक, नेहरूंचे निधन यांतून त्यांनी भारत खचल्याचा निष्कर्ष काढला. अपमानाने माणूस खचतो तसा इरेलाही पेटतो, हे त्यांच्या हिशेबात नव्हते. नगरच्या रणगाडा संग्रहालयात गेलात तर त्या चुकीचा लोखंडी पुरावा बघायला मिळतो: पकडून आणलेला पॅटन. शेजारी सेंच्युरियन आहे, विजयंता आहे. पोरे नळीवर हात ठेवून फोटो काढतात. जवळून पाहिले तर पॅटनच्या पोलादाची जाडी छातीत धडकी भरवते. अमेरिकेचा हा रणगाडा हाती आहे म्हटल्यावर आपण अजिंक्य आहोत असे रावळपिंडीला का वाटले असेल, ते त्याच्यासमोर उभे राहिल्यावर समजते.

सूडाबद्दल बोलायचे तर गोदावरीपलीकडे जावे लागते. १९४७-४८ मध्ये हैदराबाद संस्थान म्हणजे स्वत्वाच्या भीतीने पछाडलेले राज्य होते. सव्वादोनशे वर्षांची सत्ता जाणार या धास्तीने निजामाने कासिम रझवीला मोकळीक दिली आणि त्याच्या रझाकारांनी मराठवाड्यात जो धुमाकूळ घातला त्याच्या आठवणी नगर जिल्ह्याच्या सरहद्दीवरच्या गावांत अजून सांगितल्या जातात. १३ ते १७ सप्टेंबर १९४८ ची कारवाई झाली, मराठवाडा मुक्त झाला. हे आपण दरवर्षी साजरे करतो, करायलाच हवे. त्यानंतरच्या आठवड्यांत उस्मानाबाद, नांदेड, बिदर, गुलबर्गा या जिल्ह्यांत निरपराध मुसलमानांची जी कत्तल झाली तिची चौकशी करायला नेहरूंनी पंडित सुंदरलाल यांची समिती पाठवली. समितीचा सावध अंदाज २७,००० ते ४०,००० मृत्यूंचा होता. अहवाल कित्येक दशके बासनात राहिला. भोगलेल्या भीतीचा सूड ज्यांनी भीती दाखवलीच नव्हती त्यांच्यावर उगवला गेला, आणि मुक्तीच्या आनंदाला डाग नको म्हणून राज्याने ते झाकले. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही एकाच पुस्तकात असायला हव्यात.

अलीकडच्या काळाकडे येऊ. २६/११ नंतर देशात संतापाची लाट होती आणि सरकारने लष्करी प्रत्युत्तर दिले नाही. तेव्हाचे परराष्ट्र सचिव शिवशंकर मेनन यांनी पुढे लिहिले, की त्या वेळी ते स्वतः तत्काळ प्रहाराच्या बाजूचे होते, नंतर मात्र संयम योग्य होता असे त्यांना वाटू लागले. अशी कबुली मोलाची असते, कारण आपल्या मताखाली संताप होता हे सांगणारे अधिकारी थोडे. २२ एप्रिल २०२५ ला पहलगाममध्ये २६ जण मारले गेले, त्यांत डोंबिवली, पुणे, पनवेलची सहा माणसे होती. ७ मे रोजी भारताने हल्ले केले, १० मे रोजी गोळीबार थांबला. दोन अण्वस्त्रधारी देशांमधले ते चार दिवस घरोघर टीव्हीवर पाहिले गेले. शोक खरा होता आणि उत्तर मागण्याचा हक्कही. मला काळजी वाटते ती मधल्या वेळेची. शोक आणि आदेश यांच्यात विचाराला जागा उरते की नाही, हे पडद्यावरच्या आरडाओरड्याने ठरू लागले तर कोणतेही सरकार जर्विस यांनी सांगितलेल्या सापळ्यात सापडेल. १९८३ च्या सप्टेंबरात सोव्हिएत यंत्राने अमेरिकी क्षेपणास्त्रे सुटल्याचा इशारा दिला, तेव्हा स्तानिस्लाव पेत्रोव नावाच्या अधिकाऱ्याने तो खोटा मानला. त्याला त्या क्षणी वेळ आणि शंका घेण्याची मुभा, दोन्ही फार थोडी होती.

कोपनहेगनच्या ओले वेव्हर यांचा विचार अंतर्गत प्रश्नांसाठी जास्त उपयोगी आहे. एखाद्या विषयावर सुरक्षेचा शिक्का बसला की तो चर्चेच्या बाहेर जातो, असे ते म्हणतात. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने जुलै २०२५ मध्ये संमत केलेल्या जनसुरक्षा विधेयकावरचा वाद याच जागी होता. विरोधकांचा प्रश्न नक्षलवादाबद्दल नव्हता, व्याख्या किती सैल आहे याबद्दल होता. नगरच्या छावणीतल्या त्या एका रकान्याची आठवण ठेवून हा प्रश्न विचारायला हवा.

आणि के. के. रेंज. नगर, राहुरी, पारनेर या तीन तालुक्यांतल्या गावांना तोफांचा आवाज पाठ झाला आहे. सैन्याला सराव हवा, हे तिथले शेतकरी कोणापेक्षाही कमी जाणत नाहीत; कित्येकांची पोरे फौजेत आहेत. पण १९३८ च्या गोळीबार-सराव कायद्याखाली निघणाऱ्या अधिसूचनांमुळे जमिनीचे पुढे काय, ही टांगती तलवार पिढ्यान्‌पिढ्या डोक्यावर आहे. मुळा धरण, कृषी विद्यापीठ आणि लष्कर, तिघांसाठी याच पट्ट्यातल्या जमिनी गेल्या. विस्ताराची चर्चा पुन्हा उठली तेव्हा, २०२० मध्ये, प्रश्न संरक्षणमंत्र्यांपर्यंत नेला गेला. सरावानंतर माळरानावर पडलेले भंगार वेचताना न फुटलेला गोळा फुटून माणसे दगावल्याच्या बातम्या जिल्ह्याने वाचल्या आहेत. विहीर खोदावी की नको, डाळिंब लावावे की नको, मुलगी या घरात द्यावी की नको, असे निर्णय तिथे एका अधिसूचनेवर अडतात. राज्याच्या भीतीची मोजदाद संरक्षण खर्चात होते. या भीतीची कुठेच होत नाही.

१९६२ च्या पराभवाच्या त्या चौकशीचा हेंडरसन ब्रुक्स अहवाल सरकारने अजूनही अधिकृतपणे खुला केलेला नाही. के. सुब्रह्मण्यम यांच्या कारगिल समितीचा अहवाल काही भाग वगळून छापला गेला, तेव्हा आभाळ कोसळले नाही. २६/११ च्या वेळी पोलिसांच्या तयारीची चौकशी महाराष्ट्र सरकारने रा. द. प्रधान यांच्याकडेच सोपवली होती, १९६५ पाहिलेल्या माणसाकडे. या सगळ्या चौकश्या विचारतात: माहिती कुठे अडकली, शस्त्रे कमी होती का, जबाबदार कोण. निर्णय घेणाऱ्यांना त्या तासांत कशाची भीती वाटत होती, कोणाची शंका दाबली गेली, कोणता जुना अपमान डोक्यात होता, हे कोणीच अधिकृतपणे विचारत नाही. विचारता येते, याचा दाखला चव्हाणांची सप्टेंबर १९६५ ची रोजनिशी आहे. पुढच्या चौकशी समितीच्या कार्यकक्षेत हे प्रश्न लेखी असावेत, आणि के. के. रेंजच्या पुढच्या अधिसूचनेआधी खारे कर्जुन्याच्या चावडीवर तेच प्रश्न गावकऱ्यांनाही विचारले जावेत.